लेकीवरचा लोड

पठारावरच्या पवनचक्क्या थांबल्या की इसाकचाचा आमच्या घरात येऊन आमचा पंखा बंद करतात. विचारत नाहीत. दारात चपला काढतात, आत येतात, बटण दाबतात आणि सांगतात, "मास्तर, वारं पडलंय. लोड काढा."

चाचा आमचे शेजारी. त्यांचं गाद्यांचं दुकान आहे आणि मागे कापूस पिंजायचं मशीन. पण पवनचक्क्या फिरत असल्या तरच ते मशीन सुरू होतं. एकदा लग्नाच्या गाद्या अडल्या. नवरीचा बाप अगदी काकुळतीला आला, तर चाचा म्हणतात, "आवं, वारं सुटू द्या की. लगीन काय पळून चाललंय?" शेवटी गाद्या वऱ्हाडाबरोबरच टेंपोत चढल्या.

हे सगळं रुखसानापायी. चाचांची एकुलती एक लेक. आई लवकर गेली, चाचांनीच तिला वाढवलं. इस्लामपूरला शिकून ती इंजिनिअर झाली आणि आता मुंबईला असते. राज्याची वीज जिथून सांभाळतात त्या कंट्रोल रूममध्ये तिची ड्यूटी. पूर्वी कोळसा जाळला की हवी तेवढी वीज मिळायची. आता ऊन आणि वारा कामावर घेतलेत, आणि या दोघांना कुणाचं ऐकायची सवय नाही. संध्याकाळी घराघरांत दिवे लागतात, नेमका तेव्हाच सूर्य रजेवर जातो. त्यात वाराही पडला, की कोयनेचं पाणी सोडायला सांगा, आणखी कुठून वीज मागवा, अशी तिची तारांबळ. चाचांच्या लेखी मात्र अख्खा महाराष्ट्र एकट्या रुखसानाच्या डोक्यावर असतो. म्हणून आमच्या हिची चटणी मिक्सरमध्ये अर्धवट राहते. ही धुसफुसते, पण चाचांना तोंडावर काही बोलत नाही.

यंदा ईदला रुखसाना येणार होती. चाचांनी घराला रंग दिला. तिच्यासाठी नवी गादी भरली. आणि आदल्या दिवशी आभाळ भरून आलं, वारा ठप्प झाला. दुपारी तिचा फोन आला, रजा रद्द.

ईदच्या संध्याकाळी मी शिरखुर्म्याला गेलो. घरात पंखा बंद. चाचा नव्या गादीच्या शेजारी जमिनीवर बसलेले, सदरा घामानं भिजलेला. मला राहवलं नाही. म्हटलं, "चाचा, एवढ्या मोठ्या राज्यात तुमचा एक पंखा तो काय? तिला कळणारसुद्धा नाही."

"ठावं हाय की," चाचा म्हणाले. "तिनंच सांगितलंय मला, लय मागं. अब्बा, तुमच्या पंख्यानं कायबी फरक पडत न्हाई म्हनून."

"मग?"

त्यांनी शिरखुर्म्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. "ल्हान हुती तवा तिला ताप आला की मी उशाशी बसून ऱ्हायचो. माझ्या बसन्यानं काय ताप उतरत न्हवता. पर बसायचो. आता ती तिकडं झुंजत्या. मला हितनं दुसरं काय करता येतंय, मास्तर?"

मी वाटी उचलून हातात घेतली.

तेवढ्यात फोन वाजला. रुखसानाच होती. चाचांनी घाईघाईनं डोळे पुसले, घसा साफ केला.

"माझी काळजी करू नगंस बेटा," ते मोठ्यानं म्हणाले. "घर मान्सांनी भरलंय बघ. पावन्यांचं बघता बघता मला बोलायला सवड न्हाई. तू तुझं काम कर."

घरात आम्ही दोघंच होतो.