चढत्या सुराच्या फिर्यादीची हकीकत

श्रीवाग्देवतेस नमन, आणि तिच्या मागोमाग ऐकत्या कानास दोन्ही हात जोडोन नमन. शके सोळाशे एकतीस, विरोधी नाम संवत्सर, माघमासी जी बाई न्यायसभेत बोलली तिचा आवाज इतक्या वर्षांनीही कानी आहे. बोलण्याच्या शेवटास तो वर चढे, जैसी शेळी कड्यावर चढते. बाईचे नाव हौसाई, राहणार पलीकडील डोंगर. तिची नऊ वर्षांची मैनी वनाधिकाऱ्याने उचलोन राजवाड्याच्या कोठारी धान्य पाखडावयास लाविली आणि वर लिहून दिले की, आईने राजीखुशीने दिली. मग हौसाई चार दिवस चालोन फिर्यादीस आली. त्या राज्याची रीत ऐसी की, फिर्यादीस पडद्याआड उभे करावे, तोंड पाहू नये, आणि तिघा श्रोत्यांनी केवळ आवाजावरून खरेखोटे ठरवावे. आणि या रीतीचा त्यांस केवढा गर्व! आता डोंगरात खरे बोलणे ते सूर चढवूनच बोलतात, पाळण्यापासोन तेच ऐकतात. आणि राजधानीत सूर चढला की तो प्रश्न, नाही तर टोमणा. मुख्य श्रोते अंताजीपंत यांणी पुसिले, "मुलगी तू दिलीस?" ती म्हणाली, "न्हाई दिली म्या." आणि सूर वर गेला. पंत उसळोन बोलिले, "आम्हांसच उलट विचारते! बये, सरळ बोल." ती म्हणाली, "सरळच बोलतेय दादा, माजी लेक द्या." सूर पुन्हा वर. दुसरे श्रोते हासोन म्हणाले, "पंत, ही तर तुम्हांस वेडावते." मग ती रडो लागली, आणि ते रडणेही त्यांस सोंग वाटले. काय म्हणावे या कानांस! आपल्या आळीत जेवढे सूर शिकले तेवढेच जगात, बाकी सारी लबाडी. आणि तेवढ्यावर आईपासोन लेकरू तोडावयास निघाले! पंतांनी "फिर्याद खोटी" ऐसे लिहावयास सांगितले, आणि तिसरे श्रोते निंबाजी, जे सदा मान खाली घालोन कौल देत, ते उठोन उभे राहिले आणि आपल्या हाते पडदा ओढोन म्हणाले, "लेक आईला द्या. बाई खरी आहे." पंत गरजले, "तुम्हांस काय ठाऊक?"

सारांश, मैनी त्याच दिवशी आईसंगे घरी गेली, ती निंबाजींच्या उत्तराने, जे त्यांणी तीस वर्षे गिळिले होते: "मी तिच्याच डोंगरातला, पंत. हिच्यासारखी किती माणसं इथून खोटी ठरून गेली, आणि ती खरी आहेत हे दर वेळी मला ऐकू येत होतं."