दोन इंचांचा सूर्य

साहेब, सूर्य तुम्ही लहान केलात. तुमचं नाव इथं छापत नाही, कारण छापलं की अक्षर केवढं ठेवायचं यावर बैठक बोलवावी लागेल. पण केलात तुम्हीच, आणि तेही निफाड तालुक्यात, भर उन्हाळ्यात.

सुवर्णा मॅडम तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवत. नेमणूक कंत्राटी, अकरा महिन्यांची. यंदा वरून कळवलं होतं, विज्ञान प्रदर्शनात ज्याचं काम दिसेल त्याचीच ऑर्डर पुढे चालू. मॅडमनी विषय घेतला, ‘विश्वात कोण केवढं’. वीस फूट लांब, दहा फूट उंच फ्लेक्स. त्यावर दहा फुटांचा सूर्य, त्याच मापानं भोपळ्याएवढा गुरू आणि टपोऱ्या द्राक्षाएवढी पृथ्वी.

“मॅडम, मग आपलं निफाड केवढं?” सातवीतल्या हर्षालीनं विचारलं.

“द्राक्षावर पांढुरकी भुकटी असते ना? तिचा एक कण.”

मागच्या बाकावरची पोरंही पुढे सरकली. तपासणीच्या दिवशीही ती अशी सरकत नसत. मॅडमला वाटलं, ऑर्डर पक्की.

फ्लेक्स करणारा वाळूभाऊ मात्र घोटाळ्यात पडला. “मॅडम, फोटो कुठं टाकू?”

“कोणाचे?”

“कोणाचे म्हंजे? फ्लेक्स हाय ना ह्यो? पाव्हण्यापेक्षा मोठं काय नसतं फ्लेक्सवर. सूर्य लय झाला.”

मुख्याध्यापक कारभारी सरांना घाम फुटला. “साहेब चार फुटांचे आणि सूर्य दहा फुटांचा? उद्या कोणी विचारलं, हा कोण, कोणत्या गटाचा, तर मी काय सांगू?”

त्यांनी साहेबांच्या कार्यालयाकडून लेखी मार्गदर्शन मागवलं. उत्तर तत्परतेनं आलं: ‘प्रमुख पाहुण्यांच्या छायाचित्राहून मोठी आकृती फलकावर नसावी. सूर्यास यातून सूट देण्याची तरतूद नाही.’

सूर्य तीन फुटांवर आला. पृथ्वी वाटाण्याएवढी झाली. मग शाळा समितीचे फोटो आले, एकेक फुटाचे. समितीचं म्हणणं रास्त होतं, सूर्य समितीवर निवडून आलेला नाही. सूर्य अकरा इंच, पृथ्वी मोहरी. मग चाळीस शुभेच्छुक आले, प्रत्येकी अडीच इंच, सगळे काळ्या चष्म्यात. सूर्य दोन इंच. पृथ्वी रव्याचा कण.

“एवढं बारीक मशीन छापत नाय, मॅडम,” वाळूभाऊ म्हणाला. “धूळ समजून सोडून देतं.”

“मग सूर्य वाढवा.”

“शुभेच्छुक चिडत्यात. नुसती पृथ्वीच जरा फुगवू का?”

“मापच खोटं केलं तर विषय काय राहिला, भाऊ?”

विषय राहिला नाही, फ्लेक्स चौकात लागला. उद्घाटन झालं, हार झाले, जो तो आपला फोटो बघून प्रसन्न झाला. चौथ्या दिवशी मॅडमच्या हातात नोटीस पडली: ‘पृथ्वी कोणाच्या आदेशाने वगळली? खुलासा करावा.’

मॅडमनी एका ओळीत खुलासा केला: ‘पृथ्वी आहे, फोटो काढल्यास दिसेल.’

मग कोणाचा फोटो काढायचा यावर बैठक बसली. समितीनं शुभेच्छुकांकडे बोट दाखवलं. शुभेच्छुकांनी समितीकडे दाखवलं. साहेबांकडे कोणीच दाखवलं नाही, त्यांना तर हात जोडले. दोनदा चहा झाला. शेवटी कारभारी सरांची नजर फ्लेक्सच्या तळाला गेली. तिथं बारीक अक्षरात होतं, ‘संकल्पना : सुवर्णा मॅडम’. फोटोसुद्धा नव्हता.

“हे काढू,” सर म्हणाले. “कोणी नाराज होत नाही.”

वाळूभाऊनं नावावर एक इंचाची निळी पृथ्वी चिकटवली. सूर्याच्या निम्मी.

“सर, हे माप चुकलं,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, जागा रिकामी होती. आता माप कुठं काढता?”

फ्लेक्सचा फोटो फाइलला लागला. अकरा महिने भरले, ऑर्डरचा कागद वर गेला आणि शेरा घेऊन परत आला: ‘प्रदर्शनात सदर शिक्षिकेने काम केल्याची नोंद फलकावर आढळत नाही. नेमणूक पुढे चालू ठेवता येत नाही.’

मॅडमनी कपाटाची किल्ली सरांच्या टेबलावर ठेवली. सर म्हणाले, “वाईट वाटतं हो मॅडम.” आणि किल्ली मिळाल्याची सही घेतली.

फ्लेक्स अजून चौकात आहे. आणि वाचक, तुम्हीही त्याखाली थांबला होतात. चाळिसांत आपला मेहुणा शोधलात, सापडल्यावर त्याचा फोटो टिपून स्टेटसला ठेवलात, वर ‘भाऊंचा नाद नाय’ असंही लिहिलंत. साहेबांना आता काही विचारायचं नाही, ते चार फुटांचे आहेत आणि समाधानी आहेत. सातवीत तुमची मुलगी बसते. विज्ञानाचा तास दीड महिना रिकामा जातोय. परवा तिनं वहीत सूर्य काढला, पृथ्वीच्या दुप्पट, आणि तुम्ही खाली सही केलीत. बघून केलीत की न बघता, तेवढं सांगा.