जपून ठेवलेली अक्षरं

बायकोच्या शिवणवर्गाची पाटी आपणच करायची, असं आर्टिस्टसाहेबांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

"बाबा, मी प्रिंट काढून आणते. पाच मिनिटांचं काम," लेक म्हणाली.

"प्रिंट? अगं, मी तीस वर्षं जाहिरातींची अक्षरं लावली!"

खरंच होतं ते. ब्रशने मथळे रंगवून डोळे जायची वेळ आली, तेव्हा ती घासून उमटवायची अक्षरं बाजारात आली. मागे अक्षरं चिकटवलेला पारदर्शक कागद पाटीवर ठेवायचा, वरून बोथट टोकाने घासायचं, अक्षर खाली हजर! पुढे कॉम्प्युटर आला आणि ऑफिसने उरलेले कागद (आणि पाठोपाठ साहेबांनाही) घरी पाठवले. लग्न नवं असताना साहेब काही कागद कामासाठी घरी आणायचे, तेव्हा बायकोने डब्यांवर लावायला ही अक्षरं मागितली होती. "ही चांगल्या कामासाठी आहेत," असं तेव्हा ते म्हणाले होते. तिने पुन्हा कधी काही मागितलं नाही. आता ते आठवलं की साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वर्गाच्या बायका चारला यायच्या होत्या. साहेब तीनला घासायला बसले. 'शि'ची वेलांटी उतरली, 'श' कागदावरच राहिला. 'व' आला तो चार तुकड्यांत. डिंक कधीच वाळून गेला होता. ऊब दिली तर सुटतील, म्हणून त्यांनी बायकोची इस्त्री आणून कागदावर फिरवली. (असलं शहाणपण ऐन वेळीच सुचतं.) अक्षरं सुटली, पण कागदावरची एकूण एक, पाटीभर! वर्ग शिवणाचा की बालवाडीचा, कळेना.

"अहो, हे काय?" बायको दारात उभी होती.

"चुकलंच माझं. तेव्हाच तुझ्या डब्यांना लावायला हवी होती. तेव्हा ताजी होती गं."

"डब्यांचं काय घेऊन बसलात? सरका."

तिने पाटी उलटी केली आणि कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने 'शिवणवर्ग' लिहून टाकलं. शेवटची अक्षरं घसरत खाली गेली. तशीच पाटी दारावर चढली.

पहिली बाई आली ती पाटीपाशीच थांबली. "काकांनी केली ना? आर्टिस्ट होते म्हणे."

"हो, त्यांनीच," बायको म्हणाली.

बाईने पाटी पुन्हा न्याहाळली आणि आवाज खाली आणला. "हात थरथरत असेल ना आता? वय झालं की व्हायचंच."

बायकोने आत बसलेल्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मुकाट्याने उजवा हात थोडा थरथरवून दाखवला.