हस्तांतर फक्त रक्ताच्या नात्यात

निपाणीचे तंबाखूचे व्यापारी जिनेंद्र मगदूम हे सूर्यास्त जवळ आल्यामुळे एका रिसॉर्टचे पंचवीस वर्षांसाठी सभासद झाले.

घटनाक्रम असा. त्यांच्या पत्नी त्रिशला यांनी बेळगावच्या एका मॉलमध्ये काचेच्या पेटीत चिठ्ठी टाकली आणि त्यांना बक्षीस लागले. पेटीत चिठ्ठी टाकणाऱ्या प्रत्येकाला बक्षीस लागत होते, हे नंतर कळले. बक्षीस म्हणजे महामार्गावरच्या एका हॉटेलात सहकुटुंब भोजन. भोजनापूर्वी ‘सह्यसुख व्हेकेशन क्लब’ या संस्थेची थोडी माहिती ऐकणे अपेक्षित होते. माहिती दुपारच्या चहानंतर सुरू झाली. मगदूम कुटुंब जैन; दिवस मावळल्यावर ते जेवत नाही. ऊन खिडकीच्या खालच्या चौकटीपर्यंत उतरले तरी क्लबचा प्रतिनिधी सौरव अजून स्वित्झर्लंडच्या चित्रांवरच होता.

“सर, हॉटेलात तुम्ही कोण? गिऱ्हाईक,” सौरव सांगत होता. “चावी दिली, पैसे घेतले, विसरून गेले. आमच्याकडं तुम्ही मालक. तुमच्या निष्ठेची कदर असती आमच्याकडं.”

“असू दे की. जेवाण कवा?”

“सही झाली की लगेच, सर.”

त्रिशलाबाईंनी बाहेर पाहिले आणि नवऱ्याला कोपराने ढोसले. जिनेंद्र यांनी सही केली. सहीनंतर बाकीच्या पानांवरच्या सह्या आल्या, मग अभिनंदनाचे छायाचित्र, मग टाळ्या. जेवणाच्या दालनाचे दार उघडले तेव्हा बाहेर दिवे लागले होते. मगदूम कुटुंब मालक होऊन उपाशी परतले.

सभासदत्वाचे लाभ एका चकचकीत पुस्तिकेत दिले होते. सभासदांच्या पायऱ्या तीन: पुष्कराज, माणिक आणि हिरा. जितकी निष्ठा जास्त, तितकी पायरी वरची. वाढदिवसाला अध्यक्षांचा शुभेच्छासंदेश, आगमनप्रसंगी कोकमाचा पेला, खोली दोन तास उशिरा रिकामी करण्याची मुभा आणि तलावाकाठी मेणबत्त्यांच्या उजेडात रात्रीचे भोजन. शेवटचा लाभ मगदूमांच्या उपयोगाचा नव्हता. बाकीच्यांपैकी बहुतेकांसाठी खोली लागत होती. खोलीचा समावेश लाभांत नव्हता. ती उपलब्धतेच्या अधीन होती.

वर्षाचेही तीन हंगाम पाडले होते. लाल हंगामात लोकांना जावेसे वाटते, पांढऱ्यात जाता येते, निळ्यात कोणी जात नाही. मगदूमांनी दिवाळीला खोली मागितली तर तो लाल हंगाम होता. मे महिन्यात मागितली तर तोही. पांढऱ्या हंगामात खोल्यांना रंग देण्याचे काम चालू असे. आषाढात, चोर्ला घाटात दरड कोसळून रस्ता बंद असताना, मात्र क्लबकडून आपणहून फोन येई की खोली तयार आहे. न वापरलेल्या प्रत्येक वर्षाबद्दल गुण मिळत आणि गुणांनी पायरी चढत असे. अशा रीतीने रिसॉर्टचे दार एकदाही न पाहता जिनेंद्र मगदूम हिरा झाले. न पाहिलेल्या खोलीच्या देखभालीचे शुल्क ते दरवर्षी भरत होतेच. हिऱ्यांसाठी ते जास्त होते.

हिरा झाल्यावर माणसाला धीर येतो. पुढच्या दिवाळीत ते फोन न करताच पिरनवाडी ओलांडून जांबोटीच्या रस्त्याला लागले. रिसॉर्टच्या फाटकावर पहारेकऱ्याने कार्ड पाहून कडक सलाम ठोकला, दोघांना कोकमाचे पेले दिले आणि खोली नसल्याचे सांगितले. पेले हातात घेऊन ते रस्त्यापलीकडच्या साध्या हॉटेलात गेले. मालक परशराम दारातच उभा होता.

“या आण्णा. क्लबवाले न्हवं?”

“कसं वळखलंस?”

“हातात कोकम, तोंड पडल्यालं. रोज बघतोय की. माजं हॉटेल तुमच्या क्लबवरच चालतंय बघा. सभासदांना सूट हाय आमच्यात.” मग त्याने त्रिशलाबाईंकडे पाहिले. “जैन न्हवं वैनी? मग दिवस हाय तवर ताट वाढतो. कांदा न्हाय, बटाटा न्हाय. चालंल?”

उजेडात जेवून ते सज्जात बसले. समोर रिसॉर्टच्या खिडक्या एकेक करून उजळत होत्या. आवारात पुण्याच्या आणि हुबळीच्या गाड्या लागल्या होत्या. ही मंडळी सभासद नव्हती. मोबाइलवर खोली घेऊन आली होती. त्यांना फळांची परडीही मिळत होती.

निपाणीला परतल्यावर जिनेंद्र यांनी सौरवला फोन करून सभासदत्व रद्द करायला सांगितले.

“रद्द होत न्हाय, सर. हे नातं हाय.”

“मग मी मेलो तर?”

“मुलग्याच्या नावावर चढतंय, सर. शुल्क मागच्या पानावरनं पुढं चालू.”

“कुणाला तरी देऊन टाकता येतंय का?”

“हस्तांतर फक्त रक्ताच्या नात्यात.”

“बायकोच्या नावावर कर मग.”

“बायको रक्ताची न्हाय, सर.”

“बहीण?”

“बहीण चालती, सर. बहीण एकदम बसती नियमात.”

याच सुमारास दुसरे एक काम अडले होते. जिनेंद्र यांचे वडील भुजबली आप्पा आदल्या वर्षी वारले होते आणि शेताच्या उताऱ्यावर वारस म्हणून दोन नावे चढली होती: जिनेंद्र, आणि त्यांची थोरली बहीण ब्राह्मी. कायद्याने दोघांचा वाटा सारखा. रिवाजाने बहिणीने उपनोंदणी कचेरीत यायचे, हक्कसोडपत्रावर सही करायची, चहा घ्यायचा, साडी घ्यायची आणि माहेरची लाडकी म्हणून परत जायचे. बहीण लाडकी आहे हे सहीच्या दिवशी सर्वांना विशेष जाणवते. दोन्ही कामे एकाच फेरीत होतील, हे जिनेंद्र यांच्या लक्षात आले. एका बहिणीला शेतातून काढायचे आणि रिसॉर्टमध्ये घालायचे.

ब्राह्मी बेळगावात टिळकवाडीत राहत होती. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, कमी बोलणारी बाई. भाऊ-भावजय आली ती एकाच ताटात साडी आणि हिऱ्याचे कार्ड घेऊन.

“आक्का, आप्पा गेल्यावर तुजं माहेर म्हंजे मीच की.”

“व्हय रं.”

“मग तुज्यासाठी कायतरी कराय नगो? हे घे. आयुष्यभराचा मान. हिरा हाय, हिरा.”

“आणि ह्याच्या बदल्यात?”

“बदल्यात कसलं गं? भावाबहिणीत बदला असतोय व्हय?” जिनेंद्र दुखावले. “एक सही तेवढी.”

ब्राह्मीने चष्मा लावला आणि पुस्तिकेच्या मागच्या पानांवरचा बारीक मजकूर वाचू लागली. तो आजवर कोणी वाचला नव्हता.

“जिनू, ह्यात म्हटलंय की यायच्या आधी कळवायचं. जागा असली तर मिळंल.”

“व्हय.”

“दिवाळीत न्हाय. मे महिन्यात न्हाय.”

“गर्दी असती गं.”

“आठ दिवसांच्या वर राहायचं न्हाय. कुठल्या वस्तूवर हक्क सांगायचा न्हाय. खोली जशी होती तशी करून जायचं.”

“बरोबर हाय की.”

“मग हे मला नवीन न्हाय,” ब्राह्मी म्हणाली. “लगीन झाल्यापासनं माझं माहेरपण असंच चाललंय.”

“आक्का, असं बोलू नका बाई,” त्रिशलाबाई म्हणाल्या. “मे महिन्यात माझ्या भावाकडची आलती, म्हणून तेवढं—”

“येऊ देत की वैनी. मी आपली निळ्या हंगामातली.”

त्रिशलाबाईंनी साडीची घडी उगीचच नीट केली. जिनेंद्र विषय सहीकडे वळवणार तोच ब्राह्मी म्हणाली, “घेण्याआधी एकदा तपासून बघू. एकच खोली, एकच तारीख. फक्त मागणारा बदलायचा.”

तिने भावाच्या फोनवरून सभासदांचा क्रमांक लावला आणि आवाज मोठा केला. बऱ्याच वेळाच्या बासरीनंतर एक बाई आली.

“नमस्कार, मी नीलम. आपली निष्ठा आमच्यासाठी मोलाची आहे. नाही, त्या आठवड्यात सभासदांसाठी एकही खोली नाही. प्रतीक्षायादीत आपला मानाचा क्रमांक लावते. आणखी काही सेवा?”

मग ब्राह्मीने स्वतःच्या फोनवरून जाहिरातीतला क्रमांक लावला. बासरी वाजली नाही. आवाज तोच होता, फक्त त्यात गोडी आली होती.

“हो मॅडम! त्या आठवड्यात भरपूर खोल्या आहेत. तलावाकडची देऊ? पहिल्यांदा येताय म्हणून नाश्ता आमच्यातर्फे.”

“बाई, आत्ताच तुम्ही खोली नाही म्हणालात.”

मग नीलमचे पुस्तकी मराठी गळून पडले आणि ती बेळगावातल्याच अनगोळची असल्याचे कळले.

“आक्का, ते सभासद होते हो. सभासद काय, कुठं जाणार हाईत ते? बांधलेलेच हाईत. गिऱ्हाईक रुसून दुसरीकडं जातंय, म्हणून त्याला परडी. खोली लावू का तुमची?”

जिनेंद्र उठून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

“चोर हाईत चोर! ह्यास्नी सोडत न्हाय मी. ग्राहक न्यायालयात खेचतो. आक्का, तू शिकल्याली हाईस, लिव अर्ज!”

ब्राह्मीने कागद घेतला. ती सावकाश लिहीत गेली आणि लिहिलेले वाचून दाखवत गेली.

“‘अर्जदारास तूच मालक असे सांगून आपलेपणाच्या नात्यात बांधण्यात आले.’”

“लई भारी.”

“‘प्रत्यक्ष जागा मागितली असता ती न देता भेटवस्तू व गोड शब्द देण्यात आले.’”

“भेटवस्तू पण हलक्याच, ते लिवा आक्का,” त्रिशलाबाई म्हणाल्या.

ब्राह्मीने तेही लिहिले. “‘परक्यास जे मागताक्षणी मिळते ते आपल्या माणसास नाकारण्यात आले, कारण आपला माणूस सोडून जाणार नाही, याची समोरच्यास खात्री होती. ही प्रेमाच्या नावाखाली केलेली फसवणूक आहे. अर्जदारास मान नको, सूट नको. कायद्याने ठरलेला वाटा द्यावा.’”

जिनेंद्र यांच्या डोळ्यांत पाणी आले.

“आक्का, माज्या काळजातलं लिवलंस बघ. एक शब्द बदलू नगो.”

“न्हाय बदलत.”

निघताना दारात त्यांना सहीची आठवण झाली. “मग मंगळवारी उपनोंदणी कचेरीत येतीस न्हवं?”

“येते की,” ब्राह्मी म्हणाली.

मंगळवारी ती आली. कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर आजूबाजूच्या गावांतल्या बायका रांगेने बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर दुकानाची नवी पिशवी, प्रत्येकीच्या शेजारी चहाचा पेला घेऊन उभा असलेला भाऊ. ब्राह्मीने हक्कसोडपत्र वाचले, घडी घालून भावाला परत दिले आणि पर्समधून दुसरा कागद काढला. तो ती शेजारच्या तहसीलदार कचेरीत देऊन पोच घेऊनच आली होती. मजकूर आठवड्यापूर्वीचाच होता. भावाने सांगितल्याप्रमाणे एक शब्दही बदललेला नव्हता. अर्जदार म्हणून ब्राह्मीचे नाव होते आणि क्लबच्या नावाच्या जागी जिनेंद्र भुजबली मगदूम असे लिहिले होते.

जिनेंद्र यांनी तो दोनदा वाचला.

“आक्का, हे बरं न्हाय. ही काय कंपनी हाय व्हय? हे घर हाय आपलं.”

“कंपनीनं निदान अटी छापून तरी दिल्या होत्या, जिनू.”

“माणसं काय म्हणतील?”

“ते तुला म्हणणार न्हाईत. काळजी करू नकोस.”

हा अंदाज अचूक ठरला. सध्या दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत. पहिल्या अर्जासाठी व्यापारी मंडळाने जिनेंद्र यांना शाल देऊन गौरवले. आता ते ‘जागरूक ग्राहक’ या विषयावर भाषणे देतात आणि अर्जातली वाक्ये म्हणून दाखवतात. ‘प्रेमाच्या नावाखाली केलेली फसवणूक’ या वाक्याला हमखास टाळ्या पडतात. दुसऱ्या अर्जामुळे ब्राह्मीला लोभ सुटल्याचे भाऊबंदांत एकमत झाले आहे. भाच्याच्या लग्नाची पत्रिका तिला पोहोचलेली नाही. टाळ्या वाजवणारे आणि पत्रिका न देणारे लोक तेच आहेत, आणि त्यात त्यांना काहीही विसंगत वाटत नाही.

दोन्ही अर्ज शब्दशः एकच असल्यामुळे वाचकांना आपले मत बनवणे सोपे जावे. पहिला ऐकताना आपणही मान डोलावली असेलच. आता कृपया उठावे, आपण ज्या घरात बसून हे वाचत आहात त्याचा उतारा कपाटातून काढावा आणि त्यावर आपल्या बहिणीचे नाव आहे का ते पाहावे.

नसले तरी काळजीचे कारण नाही. दिवाळीला साडी आपण दिलेलीच आहे.