यमूच्या गुडघ्याची दोन पक्की टोकं

एका जंगलात, मुलांनो, सगळ्या सोयी होत्या. पाणवठा होता, बिबट्या होता आणि बिबट्यापासून पळताना गुडघा गेलाच तर इस्पितळही होतं.

तिथे यमू नावाची भेकर हरिणी आली. दगडांवरून उडी चुकून तिच्या गुडघ्यातलं, दोन हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट तुटलं होतं. पाय टेकला की गुडघा निसटायचा. पळणं तर सोडाच.

इलाज ठरलेला होता. यमूच्याच मांडीतून स्नायूची एक दोरी काढायची, वरच्या आणि खालच्या हाडाला भोक पाडून ती ओवायची आणि दोन्ही टोकं पक्की करायची.

पण कशानं?

सुतारपक्षी डॉक्टर म्हणाले, स्क्रूनं. त्यांना हाड दिसलं की स्क्रूच सुचे. सुगरण डॉक्टरबाईंचं म्हणणं, स्क्रूनं दोरी चिरडते. फास करून हाडाबाहेर बटण अडकवावं. दोघांनी हा वाद तीन परिषदांत गाजवला. तोवर यमूनं तीन पायांवर अख्खा उन्हाळा काढला.

शेवटी इस्पितळाच्या प्रमुख हत्तीणबाईंनी तोड काढली. वरचं टोक बटणाला, खालचं स्क्रूला. यमूला कुणी विचारलं नाही. तिचा या विषयाचा अभ्यास नव्हता.

शस्त्रक्रिया झकास झाली. मग सुगरणबाई सहज म्हणाल्या, "तुमचा स्क्रू जरा ओढून बघते."

"बघा की. मीही तुमचं बटण बघतो."

बाई दोरी वर ओढू लागल्या, सुतारपक्षी खाली. कुणीच मागे हटेना. दोरी मधोमध तुटली.

दोघांनी वाकून पाहिलं. बटण जागच्या जागी होतं. स्क्रू तसूभर हलला नव्हता. दोघांना भरून आलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

यमू शुद्धीवर आली. तिनं हळूच विचारलं, "आता पळता येईल ना मला?"

"टोकं अगदी पक्की बसली आहेत," सुतारपक्षी म्हणाले.

"आणि मधलं?"

"मधलं आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं," सुगरणबाईंनी समजावलं.

यमू आता इस्पितळाच्या कुंपणाआतच राहते. दरवर्षी परिषदेत तिला व्यासपीठावर बोलावतात. ती लंगडत येते. सगळे डॉक्टर उठून उभे राहतात आणि टाळ्या वाजवतात. उभं राहणं त्यांना छान जमतं.

तात्पर्य: आपल्या वाट्याचं काम चोख करावं. बाकी काय तुटलं ते पाहायला रुग्ण असतोच.