ठिपका खरवडण्यास ना-हरकत

गाडीच्या डाव्या मागच्या मडगार्डावर गंजाचा एक ठिपका आढळून आला, तेव्हा त्याची रुंदी चार मिलिमीटर होती. अर्जकाकांनी ती स्वतः पट्टी लावून मोजली, वहीत लिहिली आणि खाली तारीख टाकून सही केली. गाडी त्यांच्या वडिलांची. वय अठ्ठावन्न वर्षं, रंग फिकट निळा, इंजीन ठणठणीत.

अर्जकाका हे नाव त्यांना आईवडिलांनी नव्हे, गल्लीनं ठेवलेलं. चौतीस वर्षं एका कचेरीच्या आवक शाखेत बसून त्यांनी लोकांचे अर्ज घेतले, त्यांच्यावर शिक्के मारले आणि ते पुढे पाठवले. निवृत्त झाले तरी हाताची सवय जाईना. एकदा काकूंनी विचारलं, "चार दिवस बहिणीकडे जाऊन येऊ का?" तर हे म्हणाले, "लेखी द्या." काकूंनी दिलं नाही आणि चाराच्या जागी दहा दिवस राहून आल्या.

तर हा ठिपका सापडला तो ताईमुळे. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, ऐंशी उलटलेली, त्यांच्याच घरात राहणारी. बाबांनी ही गाडी चालवायला मुलाच्या आधी मुलीला शिकवली होती, तळ्याकाठच्या रस्त्यावर. गाडीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, आणि तो ताईच्या हाताला असा काही सरावला होता की बाबा म्हणायचे, माझ्या हातात कुरकुरतो, हिच्या हातात लोण्यासारखा फिरतो. एक दिवस डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडदा कमजोर झालाय, फार तर वर्षभर दिसेल. ताई घरी आली, चहा प्यायली आणि म्हणाली, "दिसतंय तोवर एकदा तळ्याला चक्कर मारू या. चालव तू, गिअर मी टाकते."

"नक्की नेतो ताई," काका म्हणाले. "फक्त गाडी जरा नीटनेटकी करून घेतो."

गाडी पुसायला घेतली आणि तो ठिपका दिसला. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. पत्र्याचं आणि रंगाचं काम त्याच्या तीन पिढ्या करत आलेल्या. तो उकिडवा बसला, ठिपक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "एवढंच ना? घासतो, पत्रा उघडा करतो, प्रायमर मारतो, वरून रंग. उद्या संध्याकाळी जा तळ्याला."

"आणि परवानगी?" काकांनी विचारलं.

"कसली परवानगी?"

"पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी जतन कक्ष आहे म्हणे. उद्या कुणी विचारलं तर?"

"अहो काका, कोण विचारणार?"

"तेच विचारून येतो," काका म्हणाले आणि चप्पल घालून निघाले. खाजवून खरूज काढणं म्हणतात ते हेच. पण काकांना खाज सुटली होती आणि चौतीस वर्षं ज्या हवेत काढली तिचा वासही आला होता.

जतन कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता. पंखा कागद उडवत होता आणि खिडकीवरच्या बाई ते कपबशीखाली दाबत होत्या. त्यांनी अर्ज उलटसुलट करून वाचला.

"गंज खरवडायची परवानगी? असा अर्ज आजवर आलेलाच नाही."

"म्हणजे परवानगी लागत नाही तर!"

"तसं मी कुठं म्हटलं? अर्ज आला नाही म्हणजे लोक न विचारता खरवडतात. तुम्ही विचारलंत, म्हणजे आता लागणार."

ह्या युक्तिवादात काकांना कुठंही फट दिसली नाही. उलट मनातून त्यांनी बाईंना दाद दिली. छापील नमुना नव्हता, तर काकांनीच तिथं बसून तो आखून दिला आणि त्यात 'गंजाचे स्वरूप', 'गंजाचा इतिहास' आणि 'गंजाबाबत अर्जदाराचे अभिप्राय' असे तीन रकाने आपल्या पदरचे घातले. बाईंनी त्यांना चहा पाजला. घरी येईपर्यंत काका शीळ घालत होते.

तीन आठवड्यांनी तपासनीस आले. त्यांनी भिंगातून ठिपका पाहिला आणि गंभीर झाले. "गंज मूळचा की नंतरचा?"

"काय फरक पडतो, साहेब?"

"वा! मूळचा असेल तर तो वारसा. वारसा खरवडता येत नाही. नंतरचा असेल तर अतिक्रमण. अतिक्रमण आम्हीच हटवतो, तुम्हाला हात लावता येत नाही. हे ठरेपर्यंत जैसे थे."

जैसे थे म्हणजे काय, ते आदेशात कलमवार दिलं होतं. गाडी धुवायची नाही, पुसायची नाही, तेलपाणी करायचं नाही, हलवायची नाही. आणि झाकायचीही नाही, कारण झाकल्यास पाहणीत अडथळा येतो. काकांनी आदेश फ्रेममध्ये घालून फाटकाला टांगला. पावसाळा आला तेव्हा फ्रेमवर त्यांनी प्लास्टिक लावलं. गाडीवर लावलं नाही.

काका आदेश पाळत होते, काकू पाळत होत्या, गल्ली पाळत होती. गंजाला मात्र आदेशाची प्रत मिळालेली नव्हती. मिस्त्री जाता-येता फाटकाशी थांबायचा आणि कळवळून सांगायचा, "काका, पत्रा आतून खातोय हो. तुम्ही फक्त पाठ फिरवा. दहा मिनिटांचं काम आहे."

"अजिबात नाही! जैसे थे म्हणजे जैसे थे!"

ताई पेपरच्या बातम्या सोडून नुसत्या मथळ्यांवर आली होती. एके दिवशी ती काठी टेकत अंगणात आली आणि भावासमोर उभी राहिली. "अरे, तो तुझा ठिपका मला दिसतसुद्धा नाही! चल ना."

"म्हणूनच तर ताई. नेईन तर अशी चकचकीत करून नेईन, की तू बघत राहशील."

"मला गाडी बघायची नाहीये रे. गाडीतून बघायचंय."

काकांना फार वाईट वाटलं. ते इतके हलले, की त्याच दिवशी जाऊन त्यांनी प्रकरण तातडीचं समजावं असा वेगळा अर्ज केला. त्यामुळे मूळ फाईल तातडीच्या टेबलावर गेली. तिथले साहेब दीर्घ रजेवर होते.

दुसरी पाहणी झाली तेव्हा ठिपका सव्वीस सेंटिमीटरचा होता. तपासनीसांनी नोंद काढली, पट्टी लावली आणि काकांकडे असं पाहिलं, जसं काही त्यांनी परसात चोरून माडी चढवली होती. पाठोपाठ नोटीस आली: 'नोंदीतील चार मि.मी. गंजाव्यतिरिक्त आपण विनापरवाना वाढीव गंज केल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत खुलासा करावा.'

काकांनी पाच पानी खुलासा दिला. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आल्यास काय होतं, ते शाळेच्या पुस्तकातून उतरवून काढलं. उत्तर आलं, की हवा आणि पाणी हे विषय या कक्षाच्या अखत्यारीत येत नाहीत. तेव्हा खिडकीवरच्या बाईंनीच आपुलकीनं वाट दाखवली. "काका, वाढीव गंज नियमित करून घ्या की."

झालं! काकांनी सव्वीस सेंटिमीटर गंज नियमित करून मागितला. तो मंजूर होऊन आला तोवर गंज दारापर्यंत पोचला होता. दार नियमित करायला टाकलं, तर तोवर छप्पर गेलं. फाईल गाडीच्या मागून धावत होती आणि गाडी जागची हललेली नव्हती. शेवटी नाकापेक्षा मोती जड झाला आणि फाईल दोन हातांनी उचलावी लागू लागली. काकू एकदा म्हणाल्या, "त्या फाईललाच चाकं लावा आणि ताईंना त्यात बसवा." काका त्या दिवशी जेवले नाहीत.

चौदा महिन्यांनी वरातीमागून घोडं आलं. ना-हरकत! शिक्का ठसठशीत, सही हिरव्या शाईत. 'डाव्या मागील मडगार्डावरील चार मि.मी. व्यासाचा गंज खरवडून त्या जागी मूळ रंग लावण्यास या कक्षाची हरकत नाही. जैसे थे आदेश याद्वारे मागे घेण्यात येत आहे.'

काका कागद फडकावत अंगणात आले. आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. मिस्त्री खाली वाकून मडगार्ड शोधत होता. ते कधीच गळून गवतात पडलं होतं.

"आता काय घासू, काका?" तो म्हणाला. "गंज काढला तर गाडीच उरणार नाही." मग त्यानं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं, इकडंतिकडं हलवून पाहिलं आणि काळ्या हातांनी वर आला. "पण इंजीन जिवंत आहे. बॅटरी बसलीय एवढंच. चौघांनी धक्का दिला तर सुरू होईल. तळ्यापर्यंत आरामात जाईल. परत येताना काय होईल ते सांगत नाही."

ताईनं ते ऐकलं. काकूंचा हात धरून ती आली, चाचपत दार उघडलं आणि आत बसली. तिला आता नुसता उजेड दिसत होता आणि उजेडात हलणारी माणसं, पण तेवढं तरी दिसत होतं. तिनं हात पुढे केला आणि गिअरचा दांडा तिला न शोधता सापडला.

"ये रे," ती म्हणाली. "बस. निघू."

काकांचा पाय उचलला गेला. खरोखरच उचलला गेला. मग त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला.

"ताई," ते अडखळत म्हणाले, "ही परवानगी खरवडायची आहे गं. मडगार्ड नसताना रस्त्यावर न्यायची म्हणजे..."

"मग अर्ज कर बाबा," ती म्हणाली. "मी बसते इथंच."

ती टोमणा मारत होती हे मिस्त्रीला कळलं, काकूंना कळलं, काकांनाही कळलं. त्यांचे डोळे भरून आले. आणि भरल्या डोळ्यांनी ते घरात जाऊन कोरे कागद घेऊन आले.

गल्ली मात्र पेटून उठली. काय ही व्यवस्था! एका म्हाताऱ्या बाईला तळं बघता येऊ नये? लाज वाटली पाहिजे! मिस्त्रीनं गाडीच्या पाठीला खांदा लावला आणि ओरडला, "अहो, तिघं या की कुणीतरी!" पण त्याचं कुणी ऐकेना, कारण सगळ्यांचा संताप एकाच वेळी अनावर झाला होता. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "काका, एकट्याच्या अर्जाला कोण विचारतो? सगळ्यांच्या सह्या घ्या!"

लगेच रांग लागली. बॉनेटवर कागद ठेवून प्रत्येकानं सही केली, काहींनी खाली फोन नंबरही दिला. धक्का द्यायला चौघं हवे होते; सह्या एकेचाळीस झाल्या. त्यातली सदतिसावी जरा गिचमिड आहे, पण नीट पाहिलीत तर ओळखाल. ती तुमचीच आहे.