होकाराआधी गोदी

दौलतभाऊ कुणाच्याही घरी गेले की रामराम घालण्याआधी दारावर टकटक करत. दार उघडलं तरी टकटक चालूच. मग चौकटीला नाक लावून म्हणत, "आलापल्लीचा साग नाई हा. फसवलं तुमाले." बल्लारशाच्या लाकूड डेपोत उभा जन्म गेलेला माणूस. जगात लाकडाचे दोनच प्रकार त्यांना ठाऊक, आलापल्लीचा साग आणि सरपण.

मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. त्यांची एकुलती मुलगी शेवंता, बिनआईची. ती लग्नाची झाली तेव्हा ही विद्या तिच्या मुळावर आली. पलंगाचे पाय आंब्याचे निघाले म्हणून भाऊंनी नागभीडचं चांगलं स्थळ मोडलं. "ज्याचा पलंग कच्चा, त्याचा शब्द काय पक्का राहीन?"

मग आमच्या जुन्या रेंजरसाहेबांचं स्थळ आलं. साहेब निवृत्त होऊन कोकणात गेलेले, मुलगा आरमारात. शेवंताला तो लहानपणापासून आवडायचा. भाऊ म्हणाले, "पोरगा जहाजावर राह्यते. मंग जहाज कुठी बनते ते पाह्यल्याबिगर होकार कसा देऊ?" साहेबांनी उलट टपाली कळवलं, मराठ्यांच्या आरमाराची जुनी गोदी आमच्या गावाजवळच आहे, या. जुनी म्हणजे भाऊंच्या लेखी मुरलेली. ते खूश.

एका ठेकेदाराची महायुद्धातली जुनी जीप घेऊन आम्ही निघालो. वाटेतल्या प्रत्येक धर्मशाळेचं दार भाऊंनी वाजवलं आणि आतल्यांच्या शिव्या मी खाल्ल्या.

गोदी म्हणजे खाडीकाठी कातळात खोदलेला भलामोठा खड्डा. आत चिखल, चिखलात खेकडे.

"जहाजं कुठी हायेत?"

"ती कधीच गेली, दौलतभाऊ," साहेब म्हणाले.

काठावर एक खुंटा होता. भाऊ धावले, टकटक केली, वास घेतला, आणि खुंट्याला मिठीच मारली. "आपल्या आलापल्लीचा! आरमाराचा खुंटा!" तेवढ्यात एक बाई आली आणि "सरका जरा" म्हणत तिनं त्याला म्हैस बांधली. खुंटा फणसाचा होता, गेल्या शिमग्यात पुरलेला.

त्यात रजेवर आलेला मुलगा भाबडेपणानं बोलून गेला, "मामा, आमचं जहाज लोखंडी आहे."

"लोखंड तं बुडते ना, बापू!"

गेलं हेही स्थळ. मला भयंकर संताप आला. भाऊंना बाजूला ओढून मी म्हटलं, "पोरीचं वाटोळं करता काय? किती दिवस तपासत बसणार?"



"मास्तर, तपासनं सरलं का तिले द्या लागते ना," भाऊ म्हणाले.



साहेबांच्या घरी परतल्यावर त्यांच्या पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. भाऊ उठून उभे राहिले.

"बाई, पोरगी तुमची झाली. पन तिले अंधाराचं भेव लागते. कंदील बारीक करून ठेवत जा, विझवू नोका." आणि वात किती ठेवायची, ते त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून दाखवलं.